पानांचा काढा आणि धातूचे उत्प्रेरक : दोन दशकांचा आढावा

कडुनिंबाची पाने धुऊन बारीक चिरायची, पाण्यात पाच-दहा मिनिटे उकळायची, काढा गाळून घ्यायचा आणि सोन्याच्या क्षाराच्या फिकट पिवळ्या द्रावणात ओतायचा. थोड्या वेळाने पिवळेपणा जातो आणि द्रावण तांबूस-जांभळे दिसू लागते. चांदीचा क्षार घेतला तर रंगहीन द्रावण आधी पिवळे आणि मग तपकिरी होते. क्षारातले धातूचे आयन काढ्यातल्या रेणूंकडून इलेक्ट्रॉन घेतात, धातूचे अणू बनतात, अणू एकत्र येऊन कण तयार होतात आणि काढ्यातलेच दुसरे रेणू त्या कणांना वेढून त्यांची वाढ थांबवतात. हे कण इतके बारीक असतात की त्यांचा आकार नॅनोमीटरमध्ये, म्हणजे मीटरच्या अब्जाव्या भागात मोजावा लागतो.

गेल्या दोन दशकांत ही कृती शेकडो वनस्पतींवर करून झाली आहे. पाने, फळांच्या साली, बिया, खोडाच्या साली, चहा-कॉफीचा चोथा, काहीच सुटलेले नाही. त्यावरच्या अनेक शोधनिबंधांच्या अखेरीस एक उपयोग सांगितलेला असतो: हे कण रासायनिक अभिक्रियांचा वेग वाढवणारे उत्प्रेरक म्हणून वापरता येतील. हा दावा कशावर उभा आहे, जाणकारांचे मतभेद कुठे आहेत आणि कोणते प्रश्न अजून सुटायचे आहेत, हे इथे क्रमाने पाहू.

काढ्यापूर्वीचा काळ

धातूचे अतिसूक्ष्म कण बनवण्याची विद्या काढ्याहून बरीच जुनी आहे. मायकेल फॅरेडे यांनी १८५७ मध्ये सोन्याच्या क्षाराचे फॉस्फरसने क्षपण करून (म्हणजे धातूच्या आयनांना इलेक्ट्रॉन देऊन) माणकासारखे लाल द्रावण मिळवले आणि तो रंग सोन्याच्या अतिसूक्ष्म कणांमुळे आहे असे मांडले. १९५१ मध्ये टर्केविच आणि सहकाऱ्यांनी सोन्याच्या क्षाराचे द्रावण सोडियम सायट्रेटसह उकळून सुमारे २० नॅनोमीटरचे कण मिळवण्याची पद्धत नीट बसवली. १९९४ मध्ये ब्रुस्ट, शिफ्रिन आणि सहकाऱ्यांनी सोडियम बोरोहायड्राइड, टोल्युइन आणि गंधकयुक्त थायॉल वापरून १ ते ३ नॅनोमीटरचे टिकाऊ कण बनवले. प्रयोगशाळांत या पद्धती आजही वापरल्या जातात.

सोने उत्प्रेरक होऊ शकते, हे मात्र बराच काळ कुणाला पटत नव्हते. न गंजणारा, कशाशीही सहज संयोग न पावणारा धातू अभिक्रिया काय घडवणार, असा समज होता. १९८० च्या दशकात तो बदलला. जपानमध्ये मासाताके हारुता यांनी १९८७ मध्ये दाखवले की योग्य धातू-ऑक्साइडवर बसवलेले सोन्याचे अत्यंत लहान कण कार्बन मोनॉक्साइडचे ऑक्सिडीकरण शून्याखालच्या तापमानालाही घडवतात. पुढच्या कामातून दोन अटी स्पष्ट झाल्या: कण सुमारे ५ नॅनोमीटरपेक्षा लहान हवा आणि तो कोणत्या आधारद्रव्यावर बसला आहे याला फार महत्त्व आहे. कारण समजण्यासारखे आहे. २ नॅनोमीटरच्या कणातले साधारण निम्मे अणू पृष्ठभागावर असतात, २० नॅनोमीटरच्या कणात ते प्रमाण १० टक्क्यांच्याही खाली येते, आणि अभिक्रिया घडते ती पृष्ठभागावर. या दोन अटी ध्यानात ठेवाव्यात, पुढे त्यांची गरज पडेल.

१९९८ मध्ये पॉल अनास्टस आणि जॉन वॉर्नर यांनी हरित रसायनशास्त्राची बारा तत्त्वे मांडली. नॅनोकणांच्या संश्लेषणातली विषारी क्षपणके आणि सेंद्रिय द्रावके त्यानंतर अधिक खुपू लागली. २००३ मध्ये रवींद्रन, फू आणि वॉलेन यांनी ग्लुकोजने क्षपण करून स्टार्चच्या आवरणात चांदीचे कण बनवले. साखर आणि पिठूळ स्टार्च चालतात, तर अख्खे पान का नाही?

पुण्याचे काम

या प्रश्नाचे सुरुवातीचे ठोस उत्तर ज्या थोड्या ठिकाणांहून आले, त्यांत पुण्याच्या पाषाण भागातली राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा अग्रभागी होती. मुरली शास्त्री आणि अबसार अहमद यांच्या गटांनी आधी बुरशींवर काम केले. व्हर्टिसिलियम आणि फ्युसेरियम या बुरशी सोन्या-चांदीचे कण बनवतात हे त्यांनी दाखवले, पण बुरशी वाढवायला आणि अभिक्रिया पुरी व्हायला दिवस लागत. मग त्यांनी वनस्पतींकडे मोर्चा वळवला. शिव शंकर यांच्यासह या गटाने २००३ मध्ये जिरॅनियमच्या पानांवर आणि २००४ मध्ये कडुनिंबाच्या पानांवर निबंध प्रसिद्ध केले. दिवसांचे काम तासांवर आले. त्याच वर्षी ‘नेचर मटेरियल्स’ या नियतकालिकात गवती चहाच्या काढ्यातून मिळालेल्या सोन्याच्या चपट्या त्रिकोणी कणांचे काम आले. पुढे चिंचेची पाने, आवळा आणि कोरफड यांच्यावरही प्रयोग झाले.

अमेरिकेत होर्हे गार्डिया-तोरेस्दे यांच्या गटाने २००२ मध्ये जिवंत लसूणघासाच्या रोपात सोन्याचे कण तयार होतात हे नोंदवले होते. तिथे रोप स्वतः धातू शोषून घेत असे, तर पुण्याच्या कामात पानांचा काढा काचेच्या चंबूत वापरला जाई. प्रसार झाला तो दुसऱ्या वाटेचा, कारण ती कुठल्याही महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेला परवडणारी होती.

पुण्याच्या त्या सुरुवातीच्या निबंधांत उत्प्रेरकाचा दावा मध्यवर्ती नव्हता, ही गोष्ट पुष्कळदा विसरली जाते. त्यांचे लक्ष कणांचा आकार, घडण आणि प्रकाशाशी असलेले नाते यांवर होते. गवती चहाचे त्रिकोण अवरक्त किरण शोषतात, म्हणून खिडक्यांच्या काचांवर उष्णता अडवणारा लेप देता येईल का, असा विचार त्यात होता. उत्प्रेरकाचा धागा पुढे जोडला गेला. २००७ मध्ये सेस्बानिया ड्रमॉन्डी या शेवरीच्या जातभाईच्या रोपांत तयार झालेले सोन्याचे कण वनस्पतीच्या ऊतीसकट वापरले तर नायट्रोफिनॉलचे क्षपण होते, असे दाखवले गेले. २००८ मध्ये नडगौडा आणि राजेंदर वर्मा यांनी चहा-कॉफीच्या अर्कातून सामान्य तापमानाला चांदीचे आणि पॅलेडियमचे कण बनवले. पॅलेडियम हा औद्योगिक उत्प्रेरकांतला मोलाचा धातू असल्याने या विषयाचे वजन वाढले.

काढ्यात काय घडते

काढ्यात पॉलिफिनॉले, फ्लॅव्होनॉइडे, क्षपण करणाऱ्या शर्करा, प्रथिने, सेंद्रिय आम्ले, टर्पिनॉइडे असे अनेक घटक असतात. गॅलिक आम्ल किंवा चहातली कॅटेचिने यांचे हायड्रॉक्सिल गट इलेक्ट्रॉन देऊन क्विनोन बनतात, हे रसायनशास्त्र सर्वमान्य आहे. सोने, चांदी आणि पॅलेडियम यांना इलेक्ट्रॉनची ओढ जास्त असल्याने त्यांचे क्षपण सहज होते. तांब्याचे जेमतेम होते आणि हाती बहुधा ऑक्साइडमिश्रित पदार्थ लागतो.

पण एखाद्या काढ्यात हे काम नेमका कोणता रेणू करतो, हे फार थोड्या निबंधांत सिद्ध केलेले असते. सर्वसाधारण रीत अवरक्त वर्णपटाची आहे. त्यात हायड्रॉक्सिल किंवा कार्बोनिल गट आहेत एवढे कळते, आणि ते गट जवळजवळ प्रत्येक वनस्पतीच्या अर्कात असतात. त्यावरून अमुक फ्लॅव्होनॉइडानेच क्षपण केले असे म्हणणे म्हणजे पुराव्यापुढे उडी मारणे आहे.

चांदीच्या बाबतीत आणखी एक चूक वारंवार होते. वनस्पतींच्या अर्कात क्लोराइड असते आणि चांदीचा आयन त्याच्याशी संयोग पावून सिल्व्हर क्लोराइड देतो. क्ष-किरण विवर्तनात सुमारे २७.८, ३२.२ आणि ४६.२ अंशांवर दिसणारी शिखरे त्याचीच असतात. अनेक निबंधांत मात्र ती ‘जैव-सेंद्रिय घटकांची’ म्हणून सोडून दिलेली आढळतात. सिल्व्हर क्लोराइड प्रकाशात स्वतः सक्रिय असते, त्यामुळे उत्प्रेरकाचे श्रेय कोणाला द्यायचे हा प्रश्न तिथेच गढूळ होतो.

परीक्षा आणि तिची मर्यादा

उत्प्रेरक किती चांगला आहे हे ठरवण्यासाठी या क्षेत्रात बहुतेक जण एकच चाचणी वापरतात: चार-नायट्रोफिनॉलपासून चार-अमिनोफिनॉल बनवणे. आयआयटी खरगपूरमधील तरसंकर पाल यांच्या गटाने २००२ च्या सुमारास ती पुढे आणली. तिची लोकप्रियता समजण्यासारखी आहे. बोरोहायड्राइडच्या विम्लधर्मी द्रावणात नायट्रोफिनॉल पिवळेधमक दिसते आणि ४०० नॅनोमीटरला प्रकाश शोषते. उत्प्रेरक टाकला की ते शिखर खाली येते, ३०० नॅनोमीटरच्या आसपास नवे शिखर वर येते आणि काही मिनिटांत अभिक्रियेचा वेग मोजता येतो. उत्प्रेरकाशिवाय ही अभिक्रिया जवळपास होतच नाही. एक साधा वर्णपटमापक पुरतो. शिवाय अमिनोफिनॉल हा पॅरासिटामॉल बनवताना लागणारा मधला पदार्थ आहे.

अडचणी दोन. पहिली टीकाकार नेहमी दाखवतात आणि माझ्या मते ती रास्त आहे: कण बनवताना बोरोहायड्राइड टाळल्याचे श्रेय घ्यायचे आणि परीक्षेत तेच शेकडो पटींनी जास्त वापरायचे, यात मेळ बसत नाही. दुसरी अधिक खोल आहे. वेगाचे आकडे उत्प्रेरकाच्या वजनावर, कणांच्या एकूण पृष्ठभागावर, बोरोहायड्राइडच्या ताजेपणावर आणि पाण्यात विरघळलेल्या ऑक्सिजनवर अवलंबून असतात. मथियास बालाउफ यांच्या गटाने या अभिक्रियेचे गतिशास्त्र बारकाईने तपासून वेग पृष्ठभागाच्या प्रमाणात मांडण्याची शिस्त घालून दिली. काढ्याच्या कणांवरच्या बऱ्याच कामात ती पाळली जात नाही. मग आवळ्याचे कण चिंचेच्या कणांपेक्षा सरस, असले निष्कर्ष निघतात आणि त्यांची तुलना करता येत नाही.

रंगद्रव्यांच्या प्रयोगांत घोळ अधिक आहे. मिथिलीन ब्लूवर बोरोहायड्राइडची क्रिया झाली की ते रंगहीन ‘ल्युको’ रूपात जाते आणि हवेतल्या ऑक्सिजनने पुन्हा निळे होऊ शकते. द्रावणाचा रंग गेला म्हणून रेणू मोडला असे होत नाही. सांडपाण्यातले रंगद्रव्य नष्ट झाले असा दावा करायचा तर उरलेला एकूण सेंद्रिय कार्बन मोजून दाखवायला हवा.

पॅलेडियमच्या बाबतीत कसोटी अधिक कडक आहे. दोन कार्बन अणू जोडणाऱ्या सुझुकी अभिक्रियेत (या प्रकारच्या कामासाठी २०१० चे नोबेल हेक, नेगिशी आणि सुझुकी यांना मिळाले) पॅलेडियमचे अत्यल्प प्रमाणही पुरते. हे किती अल्प असू शकते याचे एक उदाहरण प्रत्येक संशोधकाला ठाऊक असावे. निकोलस लीडबीटर यांच्या गटाला २००३ मध्ये ही अभिक्रिया धातूशिवाय होते असे वाटले होते. २००५ मध्ये त्याच गटाने स्वतःच शोधून काढले आणि प्रसिद्धही केले की वापरलेल्या सोडियम कार्बोनेटमध्ये अब्जात सुमारे ५० भाग इतके पॅलेडियम होते आणि तेच काम करत होते. तेव्हा काढ्याने बनवलेला कण स्वतः उत्प्रेरक आहे की त्यातून सुटून विरघळलेले अणू, हे ठरवायला अभिक्रिया चालू असताना गरम द्रावण गाळून पाहणे, द्रावणातला धातू मोजणे अशा चाचण्या लागतात. चांगल्या गटांच्या कामात त्या असतात, अनेकांच्या कामात नसतात.

लोखंडाचा वाद

या क्षेत्राने स्वतःला कसे दुरुस्त केले, हे लोखंडाच्या उदाहरणात स्पष्ट दिसते. २००९ मध्ये चहाच्या पॉलिफिनॉलांनी शून्य-संयुजी, म्हणजे धातुरूप लोखंडाचे नॅनोकण बनवल्याचे आणि हायड्रोजन पेरॉक्साइडच्या साथीने ते ब्रोमोथायमॉल ब्लूचे विघटन घडवत असल्याचे प्रसिद्ध झाले. दूषित भूजल शुद्ध करायला लोखंडाचे कण वापरले जात असल्यामुळे ही वाट स्वस्त आणि आकर्षक होती. त्यानंतर ‘हरित शून्य-संयुजी लोखंड’ या नावाचे निबंध भराभर आले.

पण फेरस आयनाचे धातुरूप लोखंडात क्षपण करणे सोन्याच्या मानाने फार अवघड आहे आणि पॉलिफिनॉलांची ताकद त्याला पुरत नाही. चेक प्रजासत्ताकातल्या ओलोमोत्सच्या संशोधकांसह झालेल्या २०१४ च्या कामात मॉसबावर वर्णपटाने तपासल्यावर हिरव्या चहाच्या कणांत धातुरूप लोखंड सापडलेच नाही. ते लोखंड आणि पॉलिफिनॉल यांचे संकुल होते, शिवाय पाण्यातल्या सूक्ष्मजीवांसाठी लक्षणीय विषारीही. वर्मा हे २००९ च्या निबंधाचे सहलेखक होते आणि या दुरुस्तीच्या निबंधातही सहलेखक आहेत, ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते.

आपल्याकडे हिरड्यात हिराकस घालून काळी शाई बनवण्याची रीत जुनी आहे. त्या शाईत आणि चहा-लोखंडाच्या काळ्या कणांत रसायन जवळजवळ तेच आहे: टॅनिनांशी बांधलेले लोखंड. हे संकुल रंगद्रव्याचे विघटन घडवू शकते, त्यामुळे सगळे काम वाया गेले असे नाही. मात्र त्याला शून्य-संयुजी लोखंड म्हणता येणार नाही आणि त्याची तुलनाही त्या धातूशी करता येणार नाही.

तीन भूमिका

समर्थकांचे म्हणणे असे: पाणी हेच द्रावक, तापमान बेताचे, विषारी क्षपणक नाही, कण स्थिर ठेवायला वेगळा पदार्थ लागत नाही आणि शेतीतला कचरा वापरता येतो. साधनांची चणचण असलेल्या संस्थांतले विद्यार्थी या मार्गाने नॅनोविज्ञानात पाय ठेवू शकले, हेही खरे. चीनमधल्या शामेन विद्यापीठाच्या गटाचे काम या बाजूचे सर्वांत भक्कम उदाहरण म्हणता येईल. २००७ मध्ये त्यांनी वाळवलेल्या कापूर वृक्षाच्या पानांपासून सोन्या-चांदीचे कण बनवले, पुढे सतत वाहत्या सूक्ष्म-नलिकांत उत्पादन केले आणि वनस्पतीने क्षपित केलेले सोने टायटॅनियमयुक्त सिलिकेटवर बसवून प्रोपिलीनच्या इपॉक्सिडीकरणात वापरले. ही उद्योगाला खरोखर हवी असलेली अभिक्रिया आहे.

साशंक मंडळींचा पहिला मुद्दा तुलनेचा आहे. सायट्रेटची जुनी पद्धतही पाण्यातच होते आणि सायट्रेट निरुपद्रवी आहे. कारखान्यांतले उत्प्रेरक तर बोरोहायड्राइडने बनतच नाहीत, असे म्हटले तरी चालेल: सच्छिद्र आधारावर क्षाराचे द्रावण मुरवून, वाळवून, हायड्रोजनमध्ये तापवण्याची रीत तिथे रूढ आहे. काढ्याची स्पर्धा खरे तर तिच्याशी आहे आणि ती तुलना क्वचित होते. दुसरा मुद्दा आवरणाचा. कण एकत्र चिकटू नयेत म्हणून जे आवरण लागते, तेच सक्रिय पृष्ठभाग झाकते. ते तापवून जाळले तर कण एकमेकांत मिळून मोठे होतात. हारुता यांच्या ५ नॅनोमीटरच्या अटीत बसणारे, एकसारख्या आकाराचे कण काढ्यातून मिळणे अवघड जाते. तिसरा मुद्दा पुनरावृत्तीचा. ऋतू, माती, पानाचे वय आणि काढा किती वेळ ठेवला यांवर त्याची घडण बदलते. घरोघरच्या चहासारखे हे आहे, पुडा एकच असला तरी चव वेगळी.

मधली भूमिका रेणूवर बोट ठेवते. काढ्यातला कार्यकारी रेणू ओळखा, शुद्ध रूपात घ्या आणि नियंत्रित प्रमाणात वापरा. बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत शिवरामन, संजीव कुमार आणि संथानम यांनी २०१० मध्ये टॅनिक आम्लाने, सामान्य तापमानाला, १० नॅनोमीटरपेक्षा लहान सोन्याचे कण आकारावर ताबा ठेवून बनवले. मायफळासारख्या द्रव्यांत मुबलक असलेला हा पदार्थ वनस्पतीचाच, पण त्याचे प्रमाण मोजून घेता येते. मला ही वाट सर्वांत आशादायक वाटते. तिच्यावर आक्षेप आहे तो असा की शुद्धीकरणाचा खर्च आणि द्रावके परत आली की स्वस्तपणा आणि साधेपणा दोन्ही कमी होतात.

हिरवेपणाचा हिशेब

हरित हा शब्द पुष्कळदा केवळ क्षपणकावरून लावला जातो. २०१४ मध्ये व्हर्जिनिया टेकमधल्या संशोधकांनी सोन्याच्या नॅनोकणांच्या वेगवेगळ्या संश्लेषणपद्धतींचे जीवनचक्र तपासले, तेव्हा ऊर्जेचा सर्वांत मोठा वाटा सोन्याचाच, म्हणजे खाणीतून काढण्याचा आणि शुद्ध करण्याचा निघाला. क्षपणक बदलल्याने पडणारा फरक त्यापुढे लहान ठरतो. मग काढ्याने अभिक्रिया अपुरी राहून सोने वाया गेले, तर सायट्रेटपेक्षा ती पद्धत पर्यावरणाला जड पडू शकते. धातू कितपत वापरात आला हा आकडा प्रत्येक निबंधात असायला हवा.

इथे जिवंत रोपांची वाट पुन्हा महत्त्वाची ठरते, कारण ती धातूच्या उगमाला हात घालते. यॉर्क विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१४ मध्ये अराबिडॉप्सिसच्या रोपांना पॅलेडियमचा क्षार दिला, रोपांत २ ते ४ नॅनोमीटरचे कण तयार झाले आणि ३०० अंशांना तापवलेला तो वनस्पतिभाग सुझुकी अभिक्रियेत चांगला उत्प्रेरक ठरला. म्हणजे आकाराची अट इथे रोपानेच पाळली. फ्रान्समध्ये माँपेलिए इथे क्लोद ग्रिझों यांनी खाणींनी दूषित जमिनीतले जस्त आणि निकेल शोषणाऱ्या वनस्पती घेऊन त्यांच्या राखेपासून उत्प्रेरक बनवले. त्यात मुख्यतः धातूंचे क्षार असतात, नॅनोकण नव्हे, तरी प्रश्नाची मांडणी त्यांनी बदलली: वनस्पती इथे केवळ क्षपणक नाही, धातू गोळा करणारीही आहे.

जे सुटलेले नाही

वनस्पतींच्या अर्कातून सोन्या-चांदीचे आणि पॅलेडियमचे कण बनतात, याबद्दल आता वाद नाही. आणखी एका झाडाचे नाव यादीत घालून त्यात भर पडत नाही. वाद उरला आहे तो या कणांची सक्रियता प्रतिपृष्ठ-अणू मोजली तर नेहमीच्या उत्प्रेरकाइतकी भरते का, आवरण मदत करते की अडथळा आणते, आणि काढा एकटाच घेतला तर किती अभिक्रिया घडते, या मुद्द्यांवर. शेवटची ही नियंत्रण-चाचणी सर्वांत स्वस्त आहे, तरी ती अनेकदा राहून जाते.

प्रमाणित अर्क नाही, ही मोठी उणीव आहे. एकाच हंगामातली, एकाच जागची पाने, ठरलेले पॉलिफिनॉल-प्रमाण आणि साठवणीची नोंद असलेला अर्क वेगवेगळ्या प्रयोगशाळांनी वापरून निकाल जुळतात का, हे पाहिल्याशिवाय कारखान्याची भाषा करता येणार नाही. कडुनिंब आणि गवती चहा यांवर जगभर इतके काम झाले आहे की अशा तुलनेची सुरुवात त्यांच्यापासून करणे सोयीचे होईल.

उत्प्रेरकाचे आयुष्यही पुरेसे तपासलेले नाही. निबंधांत पाच-सहा वेळा पुनर्वापर दाखवतात आणि तेवढ्यात सक्रियता घटू लागलेली दिसते. उद्योगात उत्प्रेरक महिनोन्‌महिने चालावा लागतो. शिवाय तो थकल्यावर सेंद्रिय आवरणासकट त्यातले पॅलेडियम किंवा सोने परत कसे मिळवायचे आणि त्याला किती ऊर्जा लागेल, हा हिशेब मांडायला हवा, कारण धातूची किंमत आणि पर्यावरणावरचा भार दोन्ही त्यावरच ठरणार आहेत.